राबणाऱ्या अंगालाही व्यायाम लागतो

पैनगंगेच्या दक्षिण काठावर तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनथ, तांसी, भीमपूर या भागांत मराठी बोलणारी गावे आहेत. तिथे घरात व्यायामाचे साधन आणायचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते: दिवसभर शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला? कापूस वेचणे, खताची पोती उचलणे, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन ओळीमागून ओळ चालणे हाच आमचा व्यायाम. घरात लोखंडी सांगाडा उभा करणे ही शहरातल्या बसून खाणाऱ्यांची चैन. हे म्हणणे बेजबाबदार नाही. त्यामागे कष्टाचा रास्त अभिमान आहे आणि पैसा जपून खर्च करण्याचे शहाणपणही आहे. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. ज्या साधनाविषयी हा वाद आहे ते अगदी साधे आहे. भिंतीत खिळा न ठोकता आणि छताला न टांगता स्वतःच्या पायांवर उभी राहणारी लोखंडी चौकट. वर लटकण्यासाठी एक आडवी दांडी, मधल्या उंचीवर हातांवर अंग तोलण्यासाठी दोन समांतर दांड्या, खाली जोर काढण्यासाठी दोन हत्ते. बाजारात तिला पुलअप स्टँड म्हणतात. वजनाच्या तबकड्या, वीज, यंत्र यांतले काहीच तिला लागत नाही. उचलायचे असते ते आपले स्वतःचे शरीर. माझे म्हणणे असे की या चौकटीची गरज शहरातल्या सदनिकेइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, आदिलाबादच्या कष्टकरी घराला आहे.

कष्ट आणि व्यायाम एकच, या समजुतीपासून सुरुवात करू, कारण बाकीचे सगळे आक्षेप तिच्यावरच उभे आहेत. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन परिसरातील १ लाख ४ हजारांहून अधिक प्रौढांची सुमारे दहा वर्षे नोंद ठेवून केलेला अभ्यास २०२१ साली ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात अंग हलवणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. पोटापाण्यासाठी सर्वांत जास्त अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये मात्र मृत्यूचा धोका हलके काम करणाऱ्यांपेक्षा २७ टक्क्यांनी अधिक निघाला. यावर कोणी म्हणेल की मजूर गरीब असतो, तंबाखू-विडीही ओढतो, मग दोष मेहनतीला का द्यायचा? संशोधकांनी शिक्षण, उत्पन्न आणि सवयी यांचा हिशेब वेगळा काढून पाहिला होता. तरीही गरिबीचा सगळा परिणाम आकड्यांतून बाजूला काढता येत नाही, हे मान्य करायला हवे. शिवाय डेन्मार्क म्हणजे आदिलाबाद नव्हे. म्हणून या अभ्यासातून मी एवढेच घेतो की मेहनत केली म्हणजे व्यायामाचा लाभ आपोआप पदरात पडतो, असे मानायला आधार नाही. यामागचे कारण समजायला कठीण नाही. व्यायामात भार किती, वेळ किती आणि विश्रांती किती हे शरीराकडे पाहून ठरते. मजुरीत ते कामाकडे पाहून ठरते. सोळा लिटरचा पंप माणूस दमला म्हणून बारा लिटरचा होत नाही, आणि कापूस फुटला की कंबर दुखते म्हणून वेचणी थांबत नाही. व्यायामात भार थोडा थोडा वाढवत नेतात, मध्ये अंगाला सावरायला दिवस देतात. तेवढ्या दिवसांत स्नायू भरून येतो. शेतीच्या हंगामात हाच दिवस मिळत नाही. झीज होते, भर होत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कष्टाने सगळे शरीर वापरले जात नाही. कापूस वेचणारी बाई कमरेला झोळ बांधून तासन्‌तास वाकलेली असते. बोटे आणि कंबर यांच्यावर सगळा ताण, खांदे पुढे आलेले. निंदणी, खुरपणी, रोप लावणे यांतही शरीर पुढेच झुकते. पोते उचलताना पाय आणि कंबर लागते. दोन्ही हातांनी वरून खाली किंवा समोरून स्वतःकडे जोर लावून ओढणे, म्हणजे पाठीचे रुंद स्नायू, खांद्यांचा मागचा भाग, दंडाचा पुढचा भाग आणि हाताची पकड हे सारे एकदम कामाला लावणारी हालचाल, आजच्या शेतीत जवळपास उरलेली नाही. पूर्वी ती होती. विहिरीतून दोराने पाणी शेंदणाऱ्या बाईचे दोन्ही हात रोज शेकडो वेळा खाली ओढत असत. पुढे विजेचा पंप आला, मग मिशन भगीरथ या पाणीपुरवठा योजनेचे नळ दारात आले, आणि पाण्यासाठीची वणवण थांबली. हे चांगलेच झाले. ते कष्ट परत यावेत असे कोणालाही वाटू नये. पण त्यांच्याबरोबर गेलेली हालचाल भरून काढायची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे. पकडीचे महत्त्व तर मोठ्या प्रमाणावर मोजले गेले आहे. भारतासह १७ देशांतील १ लाख ३९ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत, २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, हाताची पकड ५ किलोने कमी असली की मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. पकड वाढवली की आयुष्य वाढतेच, असा याचा अर्थ नाही. पकड ही सगळ्या अंगातल्या ताकदीची खूण आहे, एवढाच आहे. आणि ही ताकद कमावण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दांडीला लटकणे.

आता परंपरेच्या बाजूने येणारा आक्षेप. आपल्याकडे जोर आणि बैठका होत्याच. त्यावर पिढ्या घडल्या. मग लोखंडाची गरज काय? जोर-बैठकांची थोरवी मला पूर्णपणे मान्य आहे. जपानमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका गटाने आठ आठवडे जमिनीवर पुशअप काढले, दुसऱ्याने बाकावर आडवे होऊन तेवढ्याच भाराची लोखंडी कांब छातीवरून वर उचलली. छातीची आणि दंडाच्या मागच्या बाजूची वाढ दोन्ही गटांत सारखीच निघाली. म्हणजे ढकलण्याच्या व्यायामासाठी जमीन पुरेशी आहे, आणि पायांसाठी बैठक आहे. पण जमीन ओढता येत नाही. जोर कितीही काढले तरी ओढणारे स्नायू त्यात राबत नाहीत. ही उणीव आपल्या जुन्या वस्तादांना नीट ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी जोर-बैठकांवर न थांबता मल्लखांब उभा केला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त मल्लखांबाचा उल्लेख आहे. पुढे मागे पडलेली ही विद्या दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केली. परंपरेत कथा अशी सांगतात की निजामाच्या दरबारातले अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांच्यापुढे कोणी टिकेना. तेव्हा तरुण बाळंभटांनी वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन तयारी केली आणि गुलाबला चीत केले. ज्या निजामी मुलखात आदिलाबाद पुढे जिल्हा झाला, त्याच मुलखातल्या पहिलवानांना तोंड देण्यासाठी ही तयारी झाली. या कथेतला तपशील किती ऐतिहासिक यावर वाद घालता येईल, पण तिच्यातला विचार स्वच्छ आहे: जोडीदार नसताना, एकट्याने, स्वतःच्या अंगाचे वजन पेलत ताकद कमवायची तर हाताला धरायला काहीतरी ठाम उभे पाहिजे. परंपरेने साधन टाळले नाही. परंपरेने साधन घडवले. चौकटीला विरोध करताना परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

परंपरा किती प्रयोगशील होती, हे मल्लखांबाच्या पुढच्या वाटचालीतही दिसते. सागाचा किंवा शिसवाचा पुरलेला खांब हा मूळ प्रकार. त्यातून टांगता मल्लखांब आला, वेताचा आणि पुढे दोरीचा आला, आणि बाटल्यांवर ठेवलेल्या फळीवर उभ्या केलेल्या खांबावरही कसरती झाल्या. १९१४ साली अमरावतीत सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम जगापुढे मांडले. १९८१ साली मल्लखांबाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. याच संदर्भात आणखी एका समजुतीचा समाचार घ्यायला हवा. आदिलाबादच्या जंगलपट्ट्यातल्या गोंड, कोलाम मुलांविषयी सर्रास म्हटले जाते की त्यांचे अंग उपजतच काटक असते, त्यांना शिकवायची गरज नाही. हे कौतुक वाटते, पण त्याने त्या मुलांच्या वाट्याला येऊ शकणारे साधन काढून घेतले जाते. छत्तीसगडमधल्या नारायणपूरच्या अबूझमाड मल्लखांब अकादमीने काय केले ते पाहा. अबूझमाडही जंगलाचाच प्रदेश, तिथली मुलेही आदिवासीच. त्यांना खांब मिळाला, शिकवणारा मिळाला, रोजचा सराव मिळाला, आणि २०२३ साली त्यांच्या चमूने ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही दूरचित्रवाणीवरची स्पर्धा जिंकली. जंगलात चालल्याने काटकपणा येत असेल. एका हाताने खांबावर अंग तोलण्याची ताकद सरावाने येते, आणि सरावाला साधन लागते.

मग मल्लखांबच का नको, किंवा गावाच्या मैदानातला सिंगल बार का नको, असा प्रश्न रास्तच आहे. ज्या गावात चांगली तालीम आहे, जाणता वस्ताद आहे, तिथे मुलांनी तिथेच जावे. माझा त्याला मुळीच विरोध नाही. पण मैदानाच्या भरवशावर सगळ्या गावाची ताकद घडेल, हे खरे नाही. आदिलाबादचा उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणजे मैदानावर पहाटेचा तासभरच मिळतो, आणि शेतकऱ्याची पहाट आधीच शेताला बांधलेली असते. पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान महिनोन्‌महिने चिखलाचे असते. याहून मोठी अडचण बायकांची आहे. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांची आणि ४२ टक्के पुरुषांची शारीरिक हालचाल गरजेपेक्षा कमी होती. राबणाऱ्या बायकांच्या देशात हा आकडा का यावा, यावर पुष्कळ बोलता येईल. पण एवढे नक्की की गावाच्या चौकातल्या दांडीला, दहा जणांच्या नजरेसमोर, घरातली सून किंवा सासू लटकायला जाणार नाही. तालीम तर तिच्यासाठी कधी उघडलीच नव्हती. ती घरातच, दार लोटून, दोन कामांच्या मधल्या वेळात काय ते करेल. घरचा व्यायाम टिकत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा १९९१ सालचा अभ्यास आहे: ५० ते ६५ वयाच्या ३५७ स्त्री-पुरुषांपैकी घरी व्यायाम करणाऱ्यांनी तो गटात जाणाऱ्यांपेक्षा अधिक नेमाने पाळला. त्यांचा व्यायाम मुख्यतः चालण्या-धावण्याचा होता आणि फोनवरून त्यांची चौकशी होत असे, हे सांगायलाच हवे. तरी मुद्दा कायम राहतो: साधन जितके जवळ, तितका नेम सोपा, आणि घरच्यांनी आठवण केली तर फोनचीही गरज नाही.

आता ही चौकट सुटी का हवी, भिंतीला का नको, याकडे वळू. दाराच्या चौकटीत अडकवायचा बार सर्वांत स्वस्त मिळतो. तो दोन्ही बाजूंच्या उभ्या लाकडांवर आतून दाब देऊन टिकतो. जुन्या घरांत हे लाकूड सागाचे आणि मजबूत असते, पण ते मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत बसवलेले असते. लाकूड टिकते, सांधा ढिला होतो, आणि सत्तर किलोचा माणूस चौकटीसकट खाली येण्याचा धोका राहतो. भिंतीत बोल्ट ठोकायचा तर मागे काँक्रीट किंवा पक्की वीट लागते. भाड्याच्या खोलीत राहून भरतीची तयारी करणाऱ्या पोराला घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. वाड्यातल्या जाड सागवानी तुळईला दोर टांगता येतो, आणि ज्यांच्याकडे अशी तुळई धड आहे त्यांनी तो जरूर टांगावा. पण नव्या घरांवर पत्रे असतात. ते पेलणारे लोखंडी अँगल पत्र्याचे आणि वाऱ्याचे वजन धरून बसवलेले असतात, हलत्या माणसाचे नाही. अंगणातल्या निंबाची फांदी फुकटची आहे खरी. पण ती बोटांत मावत नाही, पावसात सटकते, आणि तिची उंची कमी-जास्त करता येत नाही. म्हणजे एकीकडे लटकायची गरज आणि दुसरीकडे आधार देऊ न शकणारे घर, या दोहोंमधून वाट काढणारी गोष्ट एकच उरते: जिचा भार भिंतीवर नाही, छतावर नाही, थेट जमिनीवर आहे. उतरत्या पत्र्याच्या घरात ती आढ्याखाली ठेवावी, तिथे डोक्यावर जागा मिळते. तरी कमी पडली तर गुडघे मागे दुमडून लटकता येते. शेणाने सारवलेल्या जमिनीत तिचे पाय रुततात, म्हणून खाली फळी घालावी. शहाबादी फरशीवर ते सरकतात, म्हणून रबराचे तुकडे लावावेत.

या चौकटीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप हा आहे की ती डुगडुगते आणि कलंडते. हा आक्षेप खरा आहे, आणि विकणारे तो जाहिरातीतल्या ‘तीनशे किलो क्षमते’मागे लपवतात. चौकट तीनशे किलोने मोडत नसेल, पण मोडणे वेगळे आणि उलटणे वेगळे. हिशेब करून पाहू. चौकट पंचवीस किलोची, माणूस सत्तरचा, दांडी जमिनीपासून २१० सेंटिमीटरवर आणि पायाची पुढून मागची लांबी ९० सेंटिमीटर धरली, तर दांडीवर सुमारे वीस किलोचा आडवा हिसका बसला की चौकट उलटायला लागते. सरळ लटकून सावकाश वर जाणारा माणूस एवढा हिसका देत नाही. तोच माणूस उभ्या रेषेपासून पंधरा अंशांपर्यंत झोका घेतो तोवर चौकट तग धरते. वीस अंशांवर मात्र मागचा पाय जमिनीवरून सुटतो. पाया १२० सेंटिमीटरचा केला तर चौकट सत्तावीस किलोपर्यंतचा हिसका सहन करते. पाया ९० चाच ठेवून दोन्ही बाजूंच्या पायपट्ट्यांवर पंचवीस-पंचवीस किलोची वाळूची पोती टाकली तर एकतीसपर्यंत. स्पर्धेतल्या जिम्नॅस्टिक्सच्या दांडीवर खेळाडू पूर्ण फेऱ्या घेतात, म्हणून ती तारांनी जमिनीला ताणून बांधलेली असते. घरातली चौकट त्या खेळासाठी नाही; तिच्यावर झोका घेऊन वर जाण्याची लटपट करायची नाही, आणि मुलांना तिच्यावर झोपाळा करू द्यायचा नाही. एवढी मर्यादा पाळली की हा आक्षेप निकालात निघतो. उलट त्या मर्यादेतून एक फायदाच होतो: झोक्याची मदत घेता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी वर जाणे निव्वळ ताकदीने होते.

राहिला पैशाचा प्रश्न. ज्या घरात बियाण्याचे, खताचे आणि मजुरीचे पैसे हंगामाआधी उसने आणावे लागतात, तिथे आधी पोटोबा हे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण चौकट नामांकित कंपनीचीच हवी, हा गैरसमज आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली, खिडकीची जाळी आणि गोठ्याचे फाटक करणारा वेल्डिंगवाला प्रत्येक बाजारगावात असतो. वर दिलेली मापे कागदावर काढून दिली तर तो लोखंडी पाइपची चौकट जोडून देईल, आणि घडीच्या स्टँडपेक्षा ती जडही असेल, म्हणजे अधिक स्थिर. वरची दांडी २८ ते ३२ मिलिमीटर जाडीची ठेवावी, म्हणजे बोटे पूर्ण वळतात. वेल्डिंगचे टोक घासून घ्यावे, रंग खरखरीत द्यावा. एकदा केलेली अशी चौकट घरातल्या सगळ्यांना वर्षानुवर्षे पुरते. तिला इंधन लागत नाही, महिन्याची फी लागत नाही. आणि ज्याला हा खर्च तरीही वायफळ वाटतो, त्याने घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाकडे पाहावे. राज्याच्या सीमेवरच्या या गावांतली कितीतरी मुले फौजेत जायचे स्वप्न धरून पहाटे रस्त्यावर धावतात. अग्निवीर भरतीच्या मैदानी चाचणीत धावण्याबरोबर ‘बीम’ असतो: दहा पुलअप काढले तर पूर्ण ४० गुण, सहा काढले तर फक्त १६. धावणे रस्त्यावर फुकट होते; पुलअप दांडीशिवाय होत नाही. शेतात राबून कणखर झालेला मुलगा सहा वेळा हनुवटी दांडीच्या वर नेऊन थांबतो आणि चोवीस गुण मैदानावर सोडून येतो, हा कष्ट म्हणजेच व्यायाम या समजुतीचा रोकडा तोटा आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत मनापासून घेतला जातो: हे आम्हाला जमणारच नाही. चाळिशीतली बाई, पन्नाशीतला शेतकरी, वजन वाढलेला दुकानदार यांना एकही पुलअप येत नाही. मग त्यांना दांडी कशाला? इथेच या चौकटीची खरी उपयुक्तता आहे, कारण वर जाता येत नसले तरी खाली येता येते. स्टुलावर चढून हनुवटी दांडीच्या वर घ्यावी, हात घट्ट धरून पाय सोडावेत, आणि मनात पाच आकडे मोजत सावकाश खाली यावे. तीन-चार वेळा केले तरी पाठीला आणि दंडाला कळते की आज काम झाले. त्याहून सोपे हवे असेल तर मधल्या समांतर दांड्यांखाली उताणे व्हावे, टाचा जमिनीवर टेकवाव्यात, दांड्या धरून छाती वर ओढावी. पाय जितके पुढे, तितके जड, जितके जवळ, तितके हलके. पहिले काही दिवस तर नुसते लटकणेही पुरे. वीस सेकंद, तीस सेकंद. खांदा निखळलेला असेल, मानेचे किंवा रक्तदाबाचे जुने दुखणे असेल, तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, आणि ६५ वर्षांवरील माणसांनी तीन दिवस ताकद आणि तोल यांचा सराव करावा. जोर, बैठका आणि ही एक चौकट इतक्यात त्या सल्ल्यातला ताकदीचा भाग पुरा होतो. चौकटीवर शेवटी कपडेच वाळत घातले जातात, असे म्हणणाऱ्यांना उत्तर इतकेच की तो दोष सवयीचा आहे. ती माळ्यावर न टाकता येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवली तर सवय लागायला वेळ लागत नाही.

कष्टाचा मान राखायचा असेल तर कष्ट करणाऱ्या शरीराची निगा राखली पाहिजे. राबणाऱ्या माणसाला व्यायाम नको म्हणणे म्हणजे त्याच्या शरीरातून काढत राहायचे आणि त्यात परत काही घालायचे नाही, असे म्हणणे आहे. ज्याला परवडते त्याने चौकट घरात आणावी. ज्यांना परवडत नाही अशा दोन-तीन शेजारघरांनी मिळून एक करून घ्यावी आणि ती बायकांनाही वापरता येईल अशा आतल्या जागी ठेवावी. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी तिच्यावर खर्च करताना झळाळत्या रंगीत यंत्रांऐवजी रुंद पायाची, जड, साधी दांडी मागावी आणि मुलींच्या वापराची वेळ ठरवून द्यावी. येता हंगाम संपला, कापूस घराबाहेर गेला आणि हाती चार पैसे आले की पहिल्या आठवड्यातच वेल्डिंगवाल्याकडे जा, माप द्या: उंची २१० सेंटिमीटर, पाया १२० सेंटिमीटर, दांडीची जाडी ३० मिलिमीटर. बाकी पैसा कुठे जातो ते दरवर्षी आपण पाहतोच. थोडा स्वतःच्या पाठीवरही खर्च करा.